फॉर्म भरलास का गं?

आमच्या वसईतल्या पापडीत म्हणे पोरं मास्तरांना मार्क देऊ लागली आहेत! आणि मास्तर रागावत नाहीत हो. उलट व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हात जोडलेली इमोजी टाकून विनवण्या करतात, “मुलांनो, अजून बऱ्याच जणांचे फॉर्म बाकी आहेत, प्लीज आज रात्रीपर्यंत भरा.” ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने आमच्या वेळी वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या जमातीवर ही पाळी! कलियुग कलियुग म्हणतात ते आणखी काय असतं?

रविवारी मिस्सा सुटली की अवर लेडी ऑफ ग्रेस कथेड्रलच्या आवारात घोळके जमतात. विषय ठरलेले. कुणाचं लग्न जमलं, कुणाचा कॅनडाचा व्हिसा अडकला, नळाला पाणी किती वेळ आलं. हल्ली त्यात भर पडली आहे. “तुमच्या पोरीने भरला का फॉर्म?” “कसला?” “अगं, तो सॅटिस्फॅक्शनचा!” देवळाच्या दारात हा शब्द एवढ्या मोठ्याने ऐकून दोन आज्यांनी अशी काही मान वळवली म्हणता! मग खुलासा झाला, की समाधान हवंय ते लेक्चरबद्दलचं.

नावच तसं आहे, त्याला विचारणारी बिचारी तरी काय करणार? स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हे. बंगळुरूला नॅक नावाची संस्था आहे, 1994 साली स्थापन झालेली. देशभरातल्या कॉलेजांना आणि विद्यापीठांना ए, बी, सी असे शेरे देण्याचं काम तिचं. 2017 मध्ये तिने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि त्यात हा सर्व्हे आणून बसवला. तोवर नॅक यायची म्हणजे मुलगी बघायला पाहुणे येतात तसं होतं. भिंतींना रंग, दारात रांगोळी, लेझीम पथक, कॅन्टीनमध्ये नवे कप. आता पाहुण्यांनी परस्पर घरातल्या पोरांनाच विचारायचं ठरवलं, की बाबांनो, खरंच सुखात आहात का? केवढी खळबळ!

आणि विचारायची रीत तर बघा. कॉलेजने मुलांची यादी द्यायची, नॅक थेट मुलांच्या ई-मेलवर प्रश्न पाठवणार. कॉलेजातल्या दहा टक्के मुलांनी किंवा शंभर जणांनी, यातला जो आकडा लहान असेल तितक्यांनी तरी उत्तरं द्यायलाच हवीत. कमी पडली तर त्या मुद्द्यावर विचारच नाही. आता मला सांगा, आजकालचं कुठलं पोर ई-मेल उघडतं? यांचा सगळा संसार इन्स्टावर. ई-मेल आयडी काढला तो अ‍ॅडमिशनच्या दिवशी सायबर कॅफेवाल्याने, पासवर्डही त्यालाच ठाऊक. मग सुरू होते शोधमोहीम. “इनबॉक्स बघ. नसेल तर स्पॅम बघ. प्रमोशन्समध्ये बघितलंस?” आमच्या गल्लीतल्या एका मुलीने तो मेल शेवटी सकाळच्या गर्दीत, वसई रोडला चढल्यावर, एका हाताने दांडी धरून शोधला आणि बोरिवली यायच्या आत आपल्या प्राध्यापकांच्या आयुष्याचा निकाल लावून मोकळी झाली. ही धडाडी आमच्या पिढीत नव्हती.

प्रश्न एकवीस. पहिलाच नाजूक जागी हात घालणारा. वर्गात किती अभ्यासक्रम शिकवून झाला? पर्याय 85 ते 100 टक्क्यांपासून सुरू होतात आणि खाली खाली उतरत 30 टक्क्यांच्याही आत जातात. सर तयारी करून येतात का, सांगितलेलं कळतं का, शिकवताना प्रोजेक्टर वगैरे वापरतात का. तुमचा मेंटॉर दिलेल्या कामाचा पाठपुरावा करतो का, असंही एक आहे. हा मेंटॉर म्हणजे कोण, ते विचारायला त्या मुलीने मैत्रिणीला फोन केला. मैत्रीण म्हणाली, “असतो कुणीतरी. चार टाक.” पडले चार! नॅकच्या पट्टीवर चार म्हणजे पैकीच्या पैकी बरं का.

हे झालं नॅकचं. याशिवाय कॉलेजची स्वतःची फॉर्मगिरी वेगळीच. कारण नॅक नुसतं मुलांवर थांबत नाही. मुलं, शिक्षक, माजी विद्यार्थी, मुलांना नोकरी देणारे मालक, अशा सगळ्यांचं मत घेता का, असं ती कॉलेजला विचारते. त्याच्या पायऱ्याही ठरलेल्या. मतं गोळाच केली नाहीत ही सगळ्यात खालची पायरी. नुसती गोळा केली, ही तिच्या वरची. गोळा करून विश्लेषण केलं, आणखी वर. त्यावर कार्यवाही केली, अजून वर. आणि हे सगळं करून वेबसाइटवर टाकलं, की पोचलात माथ्यावर. म्हणून तर वेबसाइटवर एवढे रंगीत गोल गरगरताना दिसतात. निळा तुकडा ‘स्ट्राँगली अ‍ॅग्री’, लाल ‘अ‍ॅग्री’, आणि ‘डिसअ‍ॅग्री’ची अशी बारीक चिरी, की भिंग लावा.

नाही म्हणायला आम्ही असली एक फाइल डोळ्यांनी पाहिली आहे. कुणाच्या घरी, कुठल्या कॉलेजची, हे विचारायचं नाही. जेवणाच्या टेबलावर पडली होती, स्पायरल बांधणीची, वर प्लॅस्टिकचं कव्हर. आत तक्ता. डाव्या रकान्यात ‘सूचना’, उजव्यात ‘केलेली कार्यवाही’. डावीकडे लिहिलंय, वाचनालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवावं. उजवीकडे, सूचनेची नोंद घेण्यात आली. डावीकडे, तिसऱ्या मजल्यावरचे पंखे बंद आहेत. उजवीकडे, संबंधितांना कळवण्यात आले. डावीकडे, अभ्यासक्रम जुना झाला आहे. उजवीकडे, विद्यापीठास पत्र पाठवण्यात आले. तक्ता सुबक, रकाना एकही रिकामा नाही, आणि शेवटी सही-शिक्का. त्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, “हे गेले दोन महिने आमच्याकडे जेवायलासुद्धा नीट बसलेले नाहीत. आयक्यूएसीचे कोऑर्डिनेटर केलंय ना यांना!” आयक्यूएसी म्हणजे कॉलेजची गुणवत्ता बघणारी अंतर्गत समिती. त्यात ज्याचं नाव पडलं त्याच्या घरी सणासुदीला सुतक असतं.

विद्यापीठाला पाठवलेल्या त्या पत्राचीही एक गंमत आहे. पापडीची पोरं वसईला शिकोत, वसई रोडला शिकोत की विरारला, इथली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाला संलग्न. अभ्यासक्रम ठरवणार विद्यापीठाची अभ्यास मंडळं. पण त्या अभ्यासक्रमाबद्दल शिक्षकाचं मत गोळा करणार कॉलेज, विश्लेषण करणार कॉलेज, आणि कार्यवाही केली असं लिहिणारही कॉलेजच! जो धडा बदलायचा अधिकार प्राचार्यांना नाही, त्यावर ते कार्यवाही करणार म्हणजे पत्रच लिहिणार ना? आणि मत देणारा शिक्षक तोच, विश्लेषण करणारा तोच, आणि ‘शिक्षक समाधानी आहेत’ हा गोल रंगवणाराही बहुतेक तोच. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांनाही हा फॉर्म येतो म्हणे. त्यात ‘संस्थेतले वातावरण पोषक आहे’ या वाक्यासमोर ती बिचारी काय लिहिणार? पुढच्या जूनला पुन्हा बोलावणं यायला हवं की नको?

आता सगळ्यात चमचमीत प्रकरण, माजी विद्यार्थ्यांचं. कॉलेजात असताना ज्यांना कुणी ओळखत नव्हतं, शेवटच्या बाकावर बसून ज्यांनी तीन वर्षं काढली, त्यांना दहा वर्षांनी अचानक फोन येतात. “अरे, ओळखलंस का? कॉलेजमधून बोलतोय. सध्या काय करतोस?” पोरगं हरखून जातं. सरांना आपली आठवण आहे! मग पुढचं वाक्य येतं, “ऑफर लेटरची कॉपी पाठवशील का?” किती मुलांना नोकरी लागली, किती पुढे शिकली, याचे पुरावे द्यावे लागतात ना. नुसतं लिहून भागत नाही. डीव्हीव्ही नावाची पडताळणी असते, ती आकड्याआकड्याला कागद मागते. आपल्या वसईची पोरं कुठे कुठे पसरलेली. कुणी मस्कतला, कुणी बोटीवर, कुणी टोरंटोला. बोटीवरच्या एकाने म्हणे भर समुद्रात रेंज मिळाल्यावर ‘कॉलेजच्या शिक्षणाचा तुमच्या करिअरला कितपत उपयोग झाला’ या प्रश्नाला पाचपैकी पाच दिले, आणि घरी आईला मेसेज केला, “त्यांनी वर्गणी पण मागितली.” आता माजी विद्यार्थी संघ रीतसर नोंदवलेला हवा, त्याने कॉलेजला हातभार लावलेला हवा, हेही नॅकच्या यादीत आहेच की. प्रेमापोटी मेळावे भरतात ते भरतातच, पण मूल्यांकनाचं वर्ष जवळ आलं की जरा जास्तच प्रेम उतू जातं.

मुलांनी मास्तरांना मार्क द्यायचं हे खूळ आपल्याकडे नवं असलं तरी जगात जुनं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी 1920च्या दशकातच मुलांकडून शिक्षकांना मोजायची पट्टी तयार केली होती. ब्रिटनमध्ये 2005पासून शेवटच्या वर्षाच्या मुलांचा देशव्यापी सर्व्हे होतो. आणि असल्या पट्ट्यांची फजितीही झालेली आहे. 1970 साली अमेरिकेत एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ म्हणून उभं केलं आणि डॉक्टरी पेशातल्या जाणत्या लोकांपुढे त्याच्याकडून भाषण करवलं. भाषण दिलखुलास, विनोद पेरलेले, अर्थ मात्र शून्य. ऐकणाऱ्यांनी फॉर्मवर भरभरून चांगलं लिहिलं! याहून कडी केली जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी. वैद्यकीय शिक्षणाच्या काही गटांना त्यांनी तासाला चॉकलेटची बिस्किटं दिली, काहींना नाही दिली. बिस्किटवाल्या गटांनी शिक्षकालाही जास्त गुण दिले आणि अभ्यासाच्या साहित्यालाही. 2018 साली हे रीतसर छापून आलं. आता वसईत हा प्रयोग करायचा तर बिस्किटं कशाला हवीत? सुकेळी आहेत की! राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली, मधासारखी. वर्गात एकेक वाटली तर अकाउंटन्सीलासुद्धा ए प्लस प्लस मिळेल.

या प्लस-प्लसचा सोस किती, ते विचारूच नका. खुद्द आपलं मुंबई विद्यापीठ, 1857 सालचं, त्यालासुद्धा 2021 मध्ये चारपैकी 3.65 गुणांसह ए प्लस प्लस मिळालं तेव्हा केवढा आनंद झाला होता. तो रास्तच. पण फेब्रुवारी 2025मध्ये सीबीआयने आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. रोख, सोनं, मोबाइल, लॅपटॉप देऊन वरचा शेरा मिळवल्याचा आरोप. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. आमच्या घोळक्यात मात्र एक आजी पटकन बोलून गेल्या, “मग पोरांकडून एवढे फॉर्म कशाला भरून घेतात?” उत्तर कुणाकडेच नव्हतं.

माझं विचाराल तर मुलांनी मत द्यावं यात मला काहीच वावगं वाटत नाही. उलट आमच्या वेळी कुणी विचारलं असतं, तर एका सरांबद्दल मी पुरवण्या लावून लिहिलं असतं. खटकतं ते एवढंच, की या मतांनी कुणाचीच झोप उडत नाही. शिकवणाऱ्याला कळत नाही की आपलं कुठे चुकलं, शिकणाऱ्याला कळत नाही की आपण लिहिलेल्याचं पुढे काय झालं. ‘डिसअ‍ॅग्री’ टाकणाऱ्याचं नाव दिसतं का, अशी भीती पोरांच्या मनात असते, कारण वर ई-मेल आयडी टाकायला लावलेला असतो. मग कोण कशाला वाईट होतंय? पटापट चार, चार, चार.

एक जागा मात्र या चार-चारच्या माळेतून सुटली आहे. एकविसावा प्रश्न. तिथे पर्याय नाहीत, गोल नाहीत. आपल्या संस्थेतलं शिकणं-शिकवणं सुधारावं म्हणून तीन निरीक्षणं किंवा सूचना लिहा, एवढंच. ती गल्लीतली मुलगी तिथे काय लिहून आली, ते तिने आम्हाला सांगितलं. एक, लेडीज टॉयलेटच्या दाराला कडी नाही. दोन, इकॉनॉमिक्सच्या मॅडम छान शिकवतात, पण त्यांचा तास नेहमी दुपारी शेवटचा असतो आणि तोवर अर्धा वर्ग ट्रेन पकडायला पळालेला असतो. तीन, प्रॅक्टिकलला चालू कॉम्प्युटर द्या. वीस प्रश्नांत जे कुठेच आलं नव्हतं, ते या तीन ओळींत आलं. कुठल्या प्राचार्यांनी ते वाचलं तर कडी उद्याच बसेल. चाळीस रुपयांचं काम आहे, त्याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

तेव्हा पापडीतल्या समस्त आयांनो, पोरांना फॉर्म भरू द्या, आडकाठी करू नका. पहिल्या वीस प्रश्नांना काय टाकायचं ते टाकू देत. एकविसावा मात्र रिकामा सोडू देऊ नका. आणि कडीचं तेवढं आवर्जून लिहायला सांगा.