करंट कोण खातंय?

गाडी बंद पडलीय हे मालकाच्या नीट लक्षात यायच्या आत काकांना कळलेलं असतं. सकाळी पार्किंगमधून सेल्फची ‘खट्, खट्, खट्’ ऐकू आली की तिसऱ्या मजल्यावर पेपर खाली ठेवला जातो आणि लिफ्टची वाटही न बघता काका जिन्यानं उतरतात. हातात पिवळा मल्टीमीटर, कपाळावर चष्मा आणि चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, आनंद.

असे एक काका पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत असतात. दोन असले तर त्यांचं आपसात पटत नाही.

“शेवटची कधी लावलीस गाडी?”

“बुधवारी, काका. जरा जंपर केबल देता का? ऑफिसला उशीर होतोय.”

केबल काकांकडे असते, तीही जाड तांब्याची. पण ती इतक्यात मिळत नाही. “जंप देऊन गाडी सुरू होईल रे. पण करंट कोण खातंय ते कसं कळणार?” त्या तरुणानं चुकून ‘मग नवीन बॅटरीच टाकतो’ म्हटलं, तर काका अशा नजरेनं बघतात की बिचारा मुकाट्यानं बॉनेट उघडून देतो.

मीटर लागतो. चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली. “११.४!” काका बोर्डाचा निकाल वाचल्यासारखे ओरडतात. वॉचमन हळहळतो. त्याला सवय झालीय.

पंचाईत अशी, की काकांचं म्हणणं बरोबर असतं. उभी गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांच्यासाठी थोडा करंट घेतच असते. ५० मिलिअँपिअरपर्यंत कोणी काही म्हणत नाही. पण अर्धा अँपिअर जायला लागला की दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे ४५ची बॅटरी चार दिवसांत सफाचट. हा हिशेब काका धुळकट बॉनेटवर बोटानं मांडतात. शेजारच्या गाडीच्या.

मग खरा तपास. मायनसची केबल सोडवायची, तिच्या आणि बॅटरीच्या मधे मीटर जोडायचा आणि थांबायचं. आजकालच्या गाड्यांतले कॉम्प्युटर लगेच गप्प होत नाहीत, अर्धा तास सहज घेतात. दार उघडंच असतं, पण त्याच्या लॅचमध्ये स्क्रू ड्रायव्हर फिरवून काकांनी गाडीला ते बंद असल्याचं पटवलेलं असतं. किल्ली जवळ असली तर गाडी जागी राहील म्हणून ती वर काकूंकडे रवाना होते. “हळू बोला, गाडी झोपतेय!” आणि नेमकी तेव्हाच मालकाची बायको मागचं दार उघडून छत्री काढते. आकडा उसळतो. पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास.

या अर्ध्या तासात काका बोलतात. पहिला संशय नेहमी बाहेरून बसवून घेतलेल्या वस्तूंवर: डॅशकॅम, ट्रॅकर, किंवा लाल-पिवळी तार एकत्र पिळून जोडलेली म्युझिक सिस्टीम. दुसरा डिकीतल्या दिव्यावर. तो डिकी लावल्यावर विझतो की नाही हे बघायला ते मालकाचाच फोन व्हिडिओ सुरू करून आत ठेवतात. तशा एका व्हिडिओत पूर्ण अंधार आहे आणि बाहेरून काकांचं व्याख्यान स्वच्छ ऐकू येतं.

पद्मिनी चालवलेले डी-विंगचे आजोबा मधेच येऊन सांगतात, “इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढा, लगेच कळेल.” काका लाल होतात. “अहो, व्होल्टेज उसळून सगळं इलेक्ट्रॉनिक्स जाईल!” इथंही काकाच बरोबर. २०२०च्या टाळेबंदीत पार्किंगभर बॅटऱ्या उतरल्या, तेव्हा मास्क लावून गॅलरीतून “मायनस आधी काढ, मायनस!” ओरडणारे काका जितके सुखी दिसले, तितके पुन्हा दिसले नाहीत.

अकराच्या सुमाराला मालक रिक्षानं कधीच गेलेला असतो. काका चिमट्यानं एकेक फ्यूज उपसत असतात. झाकणावरची बारीक अक्षरं वॉचमन वाचून दाखवतो. आणि एक फ्यूज निघताच ०.४८चा आकडा घसरून ०.०३ वर येतो! काका थरथरत्या हातानं फोन लावतात.

“सापडला रे, सापडला!”

“काका, मीटिंगमध्ये आहे.”

“कुठला फ्यूज ते तरी विचार!”

“कुठला?”

“त्याच्यावर आतला दिवा आहे, डिकीचा दिवा आहे, म्युझिक सिस्टीम आहे, चार्जरचं सॉकेट आहे. आता यातलं नक्की कोण, ते बघायला डॅशबोर्ड...”

“काका, प्लीज, काही उघडू नका हं.”

काका वॉचमनकडे बघतात. वॉचमनची ओंजळ स्क्रूंनी भरलेली असते.

“बरं,” काका म्हणतात, “यापुढे नाही उघडत.”