श्रीकांतला घडी पडली

कृष्णम्माचारी श्रीकांतच्या डाव्या कानापासून निघालेली घडी थेट बॅटच्या मुठीपर्यंत गेली आहे. एरवी माणूस धडधाकट. पण जुन्या कार्डांचे जाणकार घडी दिसली की पुढे बघतच नाहीत. पत्रिकेत मंगळ निघाल्यावर बोलणी थांबतात तशी.

१९८७च्या रिलायन्स कपाच्या आसपास बिग फनच्या बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांचे फोटो मिळत, त्यांवर धावा नाहीतर विकेट छापलेली असे. हे आमच्या पिढीला सांगायची गरज नाही आणि पुढच्या पिढीला ऐकायची हौस नाही. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं आणि घरातली माझी चाल बदलली. 'माळ्यावरचा डबा' हा 'माझा संग्रह' झाला. बायको मात्र अजून डबाच म्हणते, आणि त्यात तिळाचे लाडू मावतील असंही म्हणते.

त्या मँटलला दहापैकी साडेनऊ गुण होते. किंमत त्याच्या षटकारांची नाही, चार कोपऱ्यांची! तोच मँटल, तेच साल, पण मधोमध घडी असती तर भाव कुठल्या कुठे घसरला असता. परीक्षक कोपरे बघतात, कडा बघतात, पृष्ठभाग बघतात, आणि चित्र चौकटीत मधोमध बसलंय का तेही बघतात. मी मेन रोडवरून भिंग आणलं.

कोपऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. फरशीवर कार्ड ठेवून पोकळ हाताने थाप मारायची, उलटलं तर आपलं, हा खेळ खेळलेल्या कार्डाला कोपरे कुठून असणार? पृष्ठभागावर मोसंबीचा रस आहे. शिवाय काजळी. गळीत हंगामात टिळकनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूने वारा सुटला की दोरीवरचं धोतर काळं पडे, तिथे अझरुद्दीनचा पांढरा शर्ट काय टिकणार!

आणि पाठीला वहीत चिकटवताना लावलेली खळ. खळीबद्दल मात्र मला सविस्तर बोलू द्या, कारण श्रीरामपुरात माझ्यासारखी खळ कुणाला जमत नसे. मैदा गार पाण्यातच कालवायचा. गरम पाण्यात टाकलात की गुठळ्या. मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि मग ते भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. (आमचं गेलं होतं. तो वेगळा अध्याय.) डिंक दोन उन्हाळ्यांत सुटतो. माझी खळ चाळीस वर्षं झाली तरी मनिंदर सिंगच्या पाठीचा निम्मा कागद सोडायला तयार नाही. जाणकारांच्या लेखी हा दोष. मी त्याला कारागिरी म्हणतो.

वहीत मावेनात म्हणून ताईने काही कार्डं शिवणाच्या कात्रीने कापली. कपिलची बॅट दांड्यापाशीच राहिली. पण कात्री मोठ्यांनीही चालवली आहे. होनस वॅगनर या खेळाडूचं सिगारेटच्या पाकिटातलं, शंभर वर्षांपूर्वीचं एक कार्ड दहापैकी आठ गुण मिळवून २००७ साली २८ लाख डॉलरला गेलं. पुढे २०१३मध्ये ते आधी विकणाऱ्या व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केलं की कडा आपणच कापल्या होत्या. ताईचा हात तेवढा सफाईदार असता, तर आज मी हा लेख लिहीत बसलो नसतो.

निर्दोष कार्डं आमच्या गावात एकाकडेच आहेत: किराणा दुकानदाराचा मुलगा, माझा वर्गमित्र. गेल्या महिन्यात भिंग घेऊन मुद्दाम गेलो. त्याने कापराच्या वडीसकट पुडकं काढलं. एकेक कोपरा टोचेल असा. आधी माझा जळफळाट झाला, मग चीड आली, पण त्याची नव्हे. शाळा सुटली की आम्ही मैदानात आणि तो गल्ल्यावर. हाताशी बबलगमची अख्खी बरणी, समोर बसून थाप मारायला कोणी नाही. वडील दुकानातून हलू देत नसत. कोणाच्या किती धावा छापल्यात हे त्याला आजही पाठ आहे. कार्डाच्या बाजारात ज्याला नऊ गुण मिळतात ते हे: एका पोराच्या फुकट गेलेल्या संध्याकाळी. त्यांना वर डॉलरही लावतात.

मी माझा मनिंदर काउंटरवर ठेवला. त्याने इकडेतिकडे बघून थाप मारली. कार्ड हललं नाही.

"हात पोकळ धर," मी म्हटलं.

चौथ्या थापेला मनिंदर उलटला. तो एवढ्यांदा हसला की साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं.

"आता तुझं एक ठेव," मी म्हणालो.

"वेडा झालास का? कोपरे जातील!"