मुजरे पुरे, आधी फ्रेम बघा

गडाचा फोटो दाखवला की मुजऱ्यांची रांग लागते. क्षितिज कललेलं असो, तट काळाठिक्कर पडलेला असो, आभाळाला जांभळा रंग फासलेला असो, कुणी चकार शब्द काढत नाही. एखाद्याने काढलाच, तर त्यालाच महाराजांचा मान राखायला शिकवलं जातं. हे थांबायला हवं. फोटोग्राफर चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभा राहिला, असं म्हटल्याने शिवरायांचा अवमान होत नाही. ज्यांनी डोंगराची सोंड न् सोंड पारखून गड बांधले, त्यांच्या गडाकडे इतक्या ढिसाळपणे बघणं हाच खरा अवमान.

राजगड घ्या. बालेकिल्ल्यावरून पश्चिमेला तोंड करून काढलेले सूर्यास्ताचे फोटो ढिगाने सापडतील. आभाळ केशरी, आणि संजीवनी माची म्हणजे खाली पसरलेला नुसता काळा पट्टा. संजीवनीवर बघायचं काय असतं? तिची दुहेरी तटबंदी. बाहेरचा तट तोफेने ढासळला तरी आतला उभा राहावा, म्हणून तटाला घातलेलं ते चिलखत. टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी ती लांबलचक माची, डोंगराच्या धारेबरोबर वळणारे बुरूज. नेमकं तेच काळोखात बुडवून आपण सूर्य दाखवतो. सूर्य कुठल्याही टेकडीवरून मावळताना दिसतो. असा तट कुठे दिसणार? सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी, ऊन तिरकं झालेलं पण अजून पिवळं पडलेलं नसतं, तेव्हा दोन तटांमधल्या फटीत सावली भरते आणि ते दोन आहेत हे लांबूनही कळतं. तेव्हा बटण दाबा. मावळतीचं आभाळ नंतर डोळे भरून बघा.

दुसरी खोड वाइड अँगलची. पावसाळा सरता सरता सोनकी फुलते. मग १६ मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा फुलांत खुपसायचा. फुलं ताटाएवढी, मागे गड नखाएवढा. फोरग्राउंड हवं हे कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ते नजरेला गडापर्यंत नेण्यासाठी असतं, हे ऐकायचं राहून जातं. फुलांचा फोटो काढायचा तर खुशाल काढावा, त्याला गडाचं नाव देऊ नये.

राजगडावर खरी कामाची लेन्स १००-२०० मिलिमीटरची. ती लावून तोरण्याकडे बघा. संजीवनीचं टोक, अळू दरवाज्याकडून पुढे निघालेली डोंगरधार, तिच्या पल्याड तोरण्याची बुधला माची, सगळं एका चौकटीत जवळ येतं. ट्रेकर लोक ही वाट पायांनी ओळखतात. राजगड इथेच का, याचं निम्मं उत्तर त्या धारेत आहे. किल्ल्याच्या फोटोला माझी कसोटी एकच: गड याच डोंगरावर का बांधला, हे फोटो बघून उमगतं का? २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले, त्यांत राजगड आहे, आणि त्यांची नोंद झाली ती भोवतालच्या भूप्रदेशासकट. यादीने भूगोल धरून ठेवला आणि आपण तो क्रॉप करतो, हे मला पटत नाही.

ड्रोननेही हे आपोआप साधत नाही. छायाचित्रकार गोपाळ बोधे यांनी आकाशातून टिपलेल्या किल्ल्यांनी मराठी माणसाला गडाचा आकार दाखवला, त्याचं ऋण मोठंच. पण ड्रोन सरळ डोक्यावर नेला की कडा सपाट होतो आणि गडाचा नकाशा उरतो. चढून येणाऱ्या शत्रूची छाती ज्या उंचीने दडपायची, ती खालूनच दिसते. सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, तेही खालच्या वाटेवरून आभाळात कोरल्यासारखं दिसतं; त्यात हात पसरून उभं राहिलं की फक्त आपण दिसतो.

आणि आभाळ बदलणं. फोटोशॉपमध्ये २०२० पासून एका क्लिकवर नवं आभाळ बसतं. उन्हाळ्यातल्या वाळलेल्या गवतावर भादव्याचे ढग, आणि तटावरचं ऊन तिसऱ्याच बाजूने! अशा फोटोला ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याने तो नीट बघितलेलाच नसतो. बालेकिल्ल्याच्या चढावरचं रेलिंग खोडून टाकणं, सिमेंटची डागडुजी पुसून टाकणं हेही त्यातलंच. पडझड आणि तिच्यावरचे बरेवाईट उपचार हा आजच्या गडाचा भाग आहे. उद्या कुणाला तटाची आजची अवस्था ताडून बघायची असेल, तर असा सारवासारव केलेला फोटो काय कामाचा?

सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात कमी निघणारा फोटो आहे पद्मावती माचीवरच्या जोत्यांचा. वाडे गेले, भिंती गेल्या, दगडी चौथरे गवतात राहिले. ते टिपायला पहाटे उठावं लागतं, थोडं उंचावर चढावं लागतं, गवत सुकेपर्यंत थांबावं लागतं. मग कोवळं ऊन आडवं आलं की एकेका जोत्याची कड उजळते, खोल्यांचे चौकोन दिसू लागतात आणि इथे माणसं राहत होती हे कळतं. ना झेंडा, ना सूर्य. एखाद्या स्पर्धेत अशा फोटोला पहिलं बक्षीस मिळालेलं मला बघायचं आहे.