आयोवात मतांचा जोगवा

अमेरिकेत मला मत नव्हतं. ग्रीन कार्ड होतं, पण ते कर भरायला पुरतं, मत द्यायला पुरत नाही. भारतात एकेकाळी मत होतं, पण परदेशात घर केलेल्या माणसाला तेव्हा तिकडच्या मतदारयादीत जागा नसे.

"म्हणजे इथे तुला मत नाही, तिथे तुला मत नाही आणि घरात तुझं मत कुणी विचारत नाही," बायकोने हिशेब मांडला. "आणि तू आयोवात जाऊन दुसऱ्यांची मतं मागणार?"

कायद्याची काही हरकत नव्हती, मी चौकशी केली होती. अमेरिकेत परदेशी नागरिकालासुद्धा प्रचारात बिनपगारी राबता येतं. फुकट राबणाऱ्याला जगातला कुठलाच देश अडवत नाही.

हे डिसेंबर २००७ मधलं. आमच्या इलिनॉय राज्याचा एक तरुण सिनेटर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा होता आणि त्याचं नाव बराक ओबामा होतं. मला धोरणांआधी त्या नावानेच ओढलं, हे कबूल करतो. माझं नाव ज्ञानेश्वर. इंग्रजीत त्याची सुरुवात डी-एन-वाय अशी होते आणि ती पाहिली की अमेरिकन माणूस चष्मा पुसून पुन्हा वाचतो. आमच्या ऑफिसने दुसऱ्याच दिवशी माझा 'डॅनी' केला होता. मी तो करू दिला. हा गृहस्थ मात्र असं नाव घेऊन थेट देशाकडे मतं मागत होता. तो कुठवर पोचतो, हे बघावंसं वाटलं.

शनिवारी, २९ डिसेंबरला, नेपरव्हिलहून गाडी काढली. बायकोने थालीपिठं, दाण्याची चटणी, चिवडा आणि तीन स्वेटर दिले. पावणेतीनशे मैलांचा रस्ता आणि त्यात वळणं मोजून चार. मिसिसिपी आली तेव्हा मात्र मी सरसावून बसलो. शाळेच्या भूगोलात या नदीच्या स्पेलिंगने माझे पुष्कळ गुण खाल्ले होते, पण नदी ती नदी, पुलावरून जाताना नाणं टाकायचं ही घरची शिकवण. काच खाली करू गेलो, तर ती गोठून बसलेली. मागे ट्रक, पुढे ट्रक, वेग ताशी पासष्ट मैल. शेवटी नाणं कपाळाला लावून परत खिशात टाकलं. मोहिमेचा पहिला नवस तिथेच फुकट गेला.

नदी ओलांडली की आयोवा. वॉलकॉटला जगातला सगळ्यात मोठा ट्रकथांबा, हा मान त्यांनी स्वतःच पाटीवर घेतलेला. पुढे मक्याची कापलेली शेतं, त्यांवर बर्फ आणि मधूनमधून डुकरांचे लांबलचक गोठे. या राज्यात माणसांपेक्षा डुकरं पाचपटींहून जास्त आहेत. तरीही दर चार वर्षांनी अमेरिकेच्या भावी राष्ट्राध्यक्षांना इथल्या स्वयंपाकघरांत येऊन कॉफी प्यावी लागे, कारण १९७२ पासून पहिला कौल आयोवा देत असे. १९७६ मध्ये जिमी कार्टर नावाचे फारसे कुणाला ठाऊक नसलेले शेंगदाण्याचे शेतकरी इथे गावोगाव हिंडले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हापासून महत्त्वाकांक्षी माणसाला मक्याची ॲलर्जी असून चालत नाही. त्या वर्षी तर क्रिस डॉड नावाच्या सिनेटरने बायकामुलांसह आयोवात बिऱ्हाड हलवून मुलीला इथल्याच शाळेत घातलं होतं. आमच्याकडे उमेदवार निवडून आल्यावर मतदारसंघ सोडतो. इथे निवडून यायच्या आधीच राहायला येतात.

मला नेमलेलं गाव न्यूटन. प्रचार कार्यालयात पाय ठेवण्यापूर्वीच दाराशी बर्फावर घसरून मी गावाच्या नावाला साजेसा प्रयोग सादर केला. आतून एक मुलगी धावत आली. तेवीस वर्षांची. ही आमची मुख्य. डोळ्यांखाली काळं, हातात थंड पिझ्झा, आवाज बसलेला. "तू डॅनी ना?" ती म्हणाली. मला माझ्याहून चौदा वर्षांनी लहान साहेब मिळाला होता आणि तो मला अरेतुरे करत होता. भिंतीवर तीन शब्दांचा फलक होता, त्याचा मथितार्थ असा: मान द्या, बळ द्या, सामावून घ्या. मला त्यांनी लगेच सामावून घेतलं आणि झाडू दिला.

संध्याकाळी प्रशिक्षण. उमेदवार निवडायला ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे आयोवात तेव्हा मतपेटी नसे, कॉकस असे. एका ठरलेल्या रात्री सात वाजता वॉर्डातल्या लोकांनी शाळेत जमायचं आणि ज्याच्या त्याच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग डोकी मोजत. पंधरा टक्के डोकी न जमलेला गट बाद होई आणि त्यातल्या लोकांनी दुसरा कोपरा धरायचा. हे समजावण्यासाठी उमेदवारांऐवजी पिझ्झ्यावरचे जिन्नस ठेवले होते. मी शाकाहारी, मशरूमच्या कोपऱ्यात उभा राहिलो. एकटाच. गट बाद! क्षणात पेपरोनीवाले आणि सॉसेजवाले माझ्यावर तुटून पडले. एकाने खांद्यावर हात टाकला, दुसऱ्याने कोकचा कॅन पुढे केला. आयुष्यात माझ्या मताला इतका भाव कधी आला नव्हता. मी ढोबळ्या मिरचीच्या गटात गेलो, तेव्हा तिथल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. आमची ग्रामपंचायत इथे खेळायला आली असती तर पहिल्याच रात्री सगळे जिन्नस सहलीला नेऊन कोंडले असते.

मुक्काम एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना समर्थकांच्या घरी उतरवायची पद्धत होती. सत्तरीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायला जीभ वळेना, म्हणून मी मनातल्या मनात पुढे 'काकू' जोडत राहिलो. काकूंनी बटाट्या-चीजचं कॅसरोल केलं होतं. त्यावर मी दाण्याची चटणी भुरभुरली. काकूंनी चमचाभर चाखली, डोळे पुसले आणि डबा माझ्याकडे परत येणार नाही अशा बेताने ओट्याच्या पलीकडे ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दारोदार. हातात पुठ्ठ्याची पाटी आणि तिला चिमट्याने लावलेली यादी. यादीत नाव, वय, पत्ता. प्रत्येक नावापुढे आकडा टाकायचा: पक्का आपला तो १, पक्का विरोधी तो ५. थंडी उणे पंधराच्या आसपास. बॉलपेन दहा मिनिटांत गोठलं, मग कळलं की अनुभवी लोक शिसपेन्सिल का वापरतात. पत्रक टपालपेटीत टाकायचं नाही, ती पेटी फक्त टपालखात्याची, तसा केंद्राचा कायदाच आहे. मग ते दाराच्या मुठीला अडकवायचं, वारा ते शेजाऱ्याच्या अंगणात नेतो आणि शेजारी नेमका ५ असतो.

लहानपणी मी प्रचार पाहिला होता. जानेवारी १९८० ची लोकसभा. भोंगा लावलेली जीप, 'ताई, माई, अक्का'चा गजर, खळीचं घमेलं, आणि मागे धूळ खात धावणारी आम्ही पोरं. ओढ फक्त बिल्ल्यांची. आम्ही सगळ्या पक्षांचे बिल्ले घ्यायचो आणि दोन पंजांवर एक हलधर अशी अदलाबदल करायचो. तिथे प्रचार म्हणजे आवाज. इथे सगळं गाव चिडीचूप, मी एकटा बर्फात कुरकुर चालतोय आणि दार उघडलं की हळू आवाजात विचारायचं, "आपण गुरुवारी कुणासाठी उभे राहणार?"

आयोवाचा मतदार फार लाडावलेला. एक बाई म्हणाल्या, "अजून ठरवलं नाही. त्यांना मी दोनदाच भेटलेय." एका दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'फोन पुरे. कुत्रा आहे.' एका आजोबांनी माझं पत्रक घेतलं, बाकीच्या सगळ्या उमेदवारांच्या गठ्ठ्यावर नीट रचलं आणि सांगितलं की शेकोटी पेटवायला तुमचा कागद सगळ्यात चांगला. मी नावापुढे ३ लिहिलं.

आणि मग ते घर आलं. दारात एकसष्ट वर्षांचा दणकट माणूस. न्यूटन हे मेटॅग कंपनीचं गाव. धुण्याची यंत्रं इथे बनायची. जाहिरातीत त्यांचा दुरुस्तीवाला कायम रिकामा बसलेला असे, कारण यंत्र कधी बिघडतच नाही. २००६ मध्ये कंपनी विकली गेली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये इथला कारखाना बंद झाला. जाहिरातीतल्या माणसासारखंच आता गाव रिकामं बसलं होतं. या गृहस्थांनी तिथे एकतीस वर्षं काढली होती. मी पाठ केलेली वाक्यं सुरू केली, त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तुझ्या घरी कुठलं मशीन आहे?"

खोटं बोलता आलं असतं. मी खरं सांगितलं, दुसऱ्या कंपनीचं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी अजिजीने म्हणालो, "पण ते फार हलतं. पिळताना मोरीतून निघून दारापर्यंत येतं."

त्यांचा चेहरा उजळला. "आत ये."

चाळीस मिनिटं मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. कॉफी प्यालो. यंत्राचे चार पाय सपाटीत कसे आणायचे, पाण्याच्या पातळीने कसं तपासायचं, कपडे एका अंगाला कसे साचतात, सगळं त्यांनी कागदावर काढून दिलं. अशी एकाग्र शिकवणी मला इंजिनिअरिंगलाही मिळाली नव्हती. निघताना त्यांनी हात दाबला. मी बाहेर येऊन ठसठशीत १ लिहिला.

"तो आपल्यासाठी उभा राहतो म्हणाला?" संध्याकाळी मुख्य मुलीने विचारलं.

"तसं शब्दांत नाही."

"मग काय म्हणाला?"

"पुढचे पाय अर्धा आटा वर घे."

तिने माझ्या १ चा ३ केला.

गुरुवार, ३ जानेवारी २००८. कॉकसला बाहेरच्या माणसाला बघता येतं, पण बाजूला बसून, तोंड मिटून. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली मला एक घडीची खुर्ची मिळाली. शेजारच्या खुर्चीवर आठेक वर्षांची एक मुलगी. टेबलावर बिस्किटांच्या थाळ्या. सात वाजले, दार बंद झालं आणि गाव उभं राहिलं.

आमच्याकडे मत गुप्त असतं आणि कुणी कुणाला दिलं हे पारावर सगळ्यांना ठाऊक असतं. इथे गुप्ततेचं सोंगच नव्हतं. दंतवैद्य हिलरी क्लिंटनबाईंच्या कोपऱ्यात आणि त्यांचे पेशंट समोरच्या भिंतीला. एक नवरा-बायको दारातून एकत्र आले आणि मधल्या रेषेवर एकमेकांकडे बघून दोन दिशांना गेले. माझे मशीनवाले काका? ते ताठ चालत माझ्या डोळ्यांसमोरून एडवर्ड्स या दुसऱ्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि तिथून मला मनापासून हात केला.

एकूण माणसं १८०, म्हणजे हद्द २७ ची. ओबामा ६३, एडवर्ड्स ५९, क्लिंटन ३९, बिल रिचर्डसन १९. रिचर्डसनचा गट बाद! मशरूमचं दुःख मला नवं नव्हतं. तिन्हीकडून माणसं धावली. कुणी आरोग्यविम्यावर बोलत होतं, कुणी बिस्किटं सरकवत होतं. त्या गटातल्या एका आजींना मी सोमवारी अर्धा तास गाठलं होतं. आता दहा पावलांवर होत्या आणि मला तोंड उघडायची मुभा नव्हती. मी भुवयांनी प्रचार करून पाहिला. आजींनी मला डोळ्यांचा काही त्रास होतो का, असं खुणेने विचारलं.

पुन्हा मोजणी. ७१, ६४, ४५. डोक्यांच्या प्रमाणात वाटायचे वॉर्डाचे प्रतिनिधी सहा. बैठक चालवणाऱ्या मास्तरांनी फळ्यावर गुणाकार-भागाकार मांडला, मध्ये एकदा हातचा विसरले, तेव्हा माझा जीव वरखाली झाला. अखेर निकाल: दोन, दोन, दोन.

पाच दिवस मी घसरलो, गोठलो, पाय सपाटीत आणायला शिकलो आणि तिन्ही पारडी समान. गंमत म्हणजे कोपऱ्यातले सगळेच जिंकल्यासारखे खूश होते. राज्याचा निकाल मात्र असा नव्हता. ओबामा ३८ टक्क्यांच्या आसपास, बाकी दोघे तीस टक्क्यांच्या जरा खाली. सव्वादोन लाखांहून जास्त डेमोक्रॅट थंडीत घराबाहेर पडले होते, चार वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. पण ते सगळं नंतर कळलं. जिममध्ये अजून खुर्च्या आवरणं चालू होतं.

शेजारची मुलगी इतका वेळ मला न्याहाळत होती. तिच्या स्वेटरवर बिल्लेच बिल्ले. ओबामा, एडवर्ड्स, क्लिंटन, डॉड, शिवाय दोन रिपब्लिकन.

"तू का नाही उभा राहिलास?" तिने विचारलं.

"मला मत नाही."

"मलापण नाही. मी आठ वर्षांची आहे." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू?"

"सदतीस."

तिने विचार केला. एवढा मोठा होऊनही ज्याला कोपरा मिळाला नाही, त्याच्याबद्दल तिला वाईट वाटलं असावं. तिने स्वेटरवरचा डॉडचा बिल्ला काढला. "हा माझ्याकडे दोनदा आहे. तुझ्याकडे काय आहे?"

माझ्याकडे ओबामांचा एकच होता, छातीवर, खाली 'डॅनी' असं लिहिलेली चिकटपट्टी. मी खिसे चाचपले. मिसिसिपीत टाकायचं राहिलेलं नाणं हाताला लागलं. ते भारतातलं एक रुपयाचं निघालं. तिने ते दिव्यासमोर धरून पाहिलं, तीन सिंह मोजले आणि सौदा पक्का केला.

तेवढ्यात मागून मशीनवाले काका आले. ती त्यांची नात होती.

"पाय आणलेस का सपाटीत?" त्यांनी विचारलं.

"घरी पोचल्यावर लगेच," मी म्हणालो आणि डॉडचा बिल्ला ओबामांच्या शेजारी टोचला.