आखाजी ते आखाजी

"कार्ड आलं का?"

गावात पाय ठेवला की पारावरून हा प्रश्न येतो. मी मान हलवतो. मग नाना आपुलकीनं विचारतात, "तलाठ्याला भेटला होता का?" ग्रीन कार्डाच्या कामात तलाठी नसतो, हे मला त्यांना बारा वर्षांत पटवता आलेलं नाही. हल्ली माझाच विश्वास डळमळायला लागलाय. तलाठी असता तर काम झालंही असतं.

शिवाय नानांचा जिल्ह्यावर भरवसा आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. ज्या मातीत कार्डांचा नारळ फुटला, तिथल्या इंजिनिअर झालेल्या, इंग्रजीतून भांडू शकणाऱ्या पोराला एक कार्ड मिळू नये?

मिळत नाही, ते याच मातीत जन्मलो म्हणून. नोकरीवाल्यांसाठी अमेरिका वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं ठेवते, बायकापोरं धरून. एका देशाच्या वाट्याला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. भारताला सात, आइसलंडलाही सात. आइसलंडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आणि एकट्या नंदुरबार जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या घरात. 1 जुलै 1998 ला आम्ही धुळ्यापासून वेगळे झालो, तेव्हा त्याच झपाट्यात आणखी थोडे वेगळे झालो असतो तर आज कार्ड माझ्या पाकिटात असतं. देश जन्माचा धरतात. बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिचाही चालतो. माझी बायको दोंडाईच्याची. दोंडाईचा धुळे जिल्ह्यात आहे, पण तेवढ्यानं भागत नाही.

तर यंदा पासपोर्टवर शिक्का घ्यायला मुंबईला आलो आणि तारीख अशी पडली की आखाजी गावी सापडली. खिशात एका नव्या कंपनीचं बोलावणं होतं. पगार जास्त, काम बरं, साहेब माणसासारखा वाटणारा. गेले तीन आठवडे मी त्याला "विचार करतो" म्हणत होतो.

एच-वन-बी व्हिसावर नोकरी बदलता येत नाही असं नाही. नव्या कंपनीनं अर्ज दाखल केला की कामाला लागताही येतं. याला आम्ही 'ट्रान्सफर' म्हणतो. कटकट पुढची. नव्या कंपनीला माझ्या ग्रीन कार्डाचे कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात. त्यात 'पर्म' नावाचा प्रकार असतो: या जागेसाठी लायक अमेरिकन मिळत नाही हे सरकारला दाखवायचं, त्यासाठी जाहिरात द्यायची. म्हणजे मी खुर्चीत बसलेला असताना माझ्याच खुर्चीची जाहिरात निघते आणि कुणी लायक माणूस येऊ नये म्हणून मी नवस बोलतो. त्यानंतर आय-140. तो एकदा मंजूर झालेला असला की रांगेतली जागा, म्हणजे 'प्रायॉरिटी डेट', नव्या कंपनीतही बरोबर नेता येते. माझी डेट 2014 ची. दर महिन्याला बुलेटिन निघतं, त्यात डेट चार पावलं सरकते, कधी उलटी मागे जाते. पदोन्नतीचीही धास्ती, कारण काम फार बदललं तर कागद पुन्हा नवे. मागच्या वर्षी साहेबानं माझं तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा मी घाबरून एक चूक करून ठेवली. आणि नोकरी गेलीच, तर जास्तीत जास्त साठ दिवस. साठ दिवसांत मूग जेमतेम तोडणीला येतो.

गावात मात्र मी "कंपनी मला सोडत नाही" असंच सांगत आलो. वाक्य खरं आहे, फक्त कर्ता आणि कर्म उलटे आहेत.

आता सालदाराविषयी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्या खानदेशात सालदाराचं, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजी ते आखाजी. वर्षाची रक्कम, ज्वारीची पोती, जोड्यांचा एक जोड, कुठे घोंगडी, असं ठरायचं आणि अक्षय्य तृतीयेला साल फिटायचं. त्या दिवशी सालदार मोकळा. चैत्र लागला की घरात आमच्या आबांचा आवाज आपोआप खाली यायचा. माघात ज्या माणसाला "बैलाला पाणी कोण पाजणार, तुझा बाप?" असं विचारलं, त्यालाच आबा चैत्रात "दोन घास खाऊन जा रे" म्हणायचे. पलीकडच्या गल्लीतले पाटील आमच्या सालदाराशी बांधावर उगाच बोलताना दिसले की आबांचं जेवण कमी व्हायचं. तोही वस्ताद. "बघू आबा, पाटलांनी दोन पोती जास्त सांगितलीत," असं बैलाच्या कानात, पण आबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायचा. आखाजीच्या सकाळी पितरांची घागर भरून व्हायची, पोरी निंबाच्या झोक्यावर, माय खापरावर हाताएवढ्या पोळ्या टाकतेय, आणि ओट्यावर ही बोलणी. आबा उठून जात, सालदार उठून जाई, दोघंही परत येत. शेवटी आमरसाच्या वाटीवर साल ठरायचं. मग पत्ते. एरवी पत्त्याला हात लावला तर कान पिळणारे आबा त्या दिवशी स्वतः पिसायला बसायचे, आणि सालदार मालकाला उघड उघड हरवायचा.

कॅलिफोर्नियात रात्री झोप येत नाही तेव्हा मला हा ओटा आठवतो. वर्षातून एक दिवस का होईना, माणूस मोकळा! ना वकील, ना बुलेटिन. मी तीन-तीन सालांनी बांधलेला सालदार, आणि माझी आखाजी कुठल्याच पंचांगात नाही, असं एक लाडकं दुःख मी जोपासलंय. बृहन्महाराष्ट्राच्या दोन-चार मेजवान्यांत ते ऐकवून दादही मिळवलीय.

यंदा तेच दुःख मूळ मालकालाच ऐकवावं म्हटलं. आमचा जुना सालदार आता थकलाय, पण आखाजीला जेवायला येतो. मी त्याला काका म्हणतो. ओट्यावर आबांच्या शेजारी बसवून मी त्याला सगळं रंगवून सांगितलं. नवा मालक बोलावतोय, जास्त देतोय, पण जाता येत नाही. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"उचल किती घेतली भाऊ?"

"उचल नाही घेतली काका."

"एक पैसाबी नाही?"

"नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. उचल न घेता बांधलेला माणूस त्यानं पाहिला नव्हता. मग म्हणाला, "माझी होती. पोरीच्या लग्नाची. अकरा सालं फिटली नाही."

अकरा सालं. "आमच्याकडे सालदार अकरा वर्षं टिकला" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. आमच्या घराण्याच्या चांगुलपणाचा तो दाखला होता. म्हणजे पाटलांची दोन पोती, बैलाच्या कानातलं बोलणं, उठून जाणं, परत येणं, हा सगळा तमाशा होता. जाणार कुठे, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाकी दर आखाजीला वहीच्या नव्या पानावर जात होती. मी शेजारी वळून पाहिलं. आबांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं होतं आणि ते धोतराच्या सोग्यानं पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

त्यानंतर माझं दुःख मला डॉलरमध्ये मोजता येईना. मी वातानुकूलित बांधलेला आहे, हे कबूल. तरी काकाचा प्रश्न बोचतोच. शहाद्यात जन्मलेली माझी पोरगी वर्षाची असताना विमानात बसली, आता चौदाची आहे. एकविसाची झाली की ती माझ्या अर्जातून गळणार आणि तिनं आपली वेगळी रांग धरायची. तिला मराठीत रागावता येतं, पण पत्ता विचारला तर ती तिथलाच सांगते. उचल मी घेतली नसेल, पण बाकी तिच्या पानावर पुढे जातेय.

जेवणं झाल्यावर पत्ते निघाले. आबा पिसायला बसले. काकानं पहिला डाव जिंकला, दुसराही. तिसऱ्याला आबा म्हणाले, "जाऊ दे, तूच वाट." यंत्र अजून कानाबाहेरच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नव्या कंपनीतल्या बाईंची मेल होती: रुजू कधी होता येईल? मी लिहिलं, 'अक्षय्य तृतीया.' मग खोडलं. बाई बिचारी कॅलेंडरात शोधत बसली असती. 'विचार करतो' असंही लिहवेना.

"पान टाक भाऊ," काका म्हणाला. "तुझ्यापाशीच अडलंय."