पुसायची सही कोणाची?

1 नोव्हेंबर 1956 ला मध्य भारत नावाचं राज्य संपलं. राजधानी भोपाळने नेली, मुख्य उच्च न्यायालय जबलपूरने नेलं आणि ग्वाल्हेरच्या वाट्याला आलं दप्तर. महालेखाकार इथे, राजस्व मंडळ इथे, अबकारी आयुक्त इथे, भूअभिलेख आयुक्त इथे. म्हणजे राज्य कसं करायचं ते भोपाळने बघावं, पण त्या राज्याचा चहापाण्याचा खर्च कोणत्या व्हाउचरवर टाकला होता हे विचारायचं तर आमच्याकडे यावं लागतं. सरकारनेच ज्या गावाला कागद सांभाळायला बसवलं, त्या गावातल्या माणसाच्या हातून कागद सुटणार कसा? आमच्या गल्लीत ‘एजी ऑफिस’मधून, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीतून, निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. विजेची बिलं ते वर्षवार सुतळीत बांधून ठेवतात. त्यातली अर्धीअधिक बिलं ज्या विद्युत मंडळाची आहेत, त्याच्या 2005 सालीच कंपन्या झाल्या. मंडळ गेलं, पण उद्या कोणी म्हणालंच की 1987 च्या जूनचं बिल भरलं नव्हतं, तर आजोबा तयार आहेत.

ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी सांगितली की आमच्या ऑफिसच्या मेलबॉक्सबद्दल बोलताना वाचकाने आम्हाला आळशी समजू नये. तो आळस नाही, संस्कार आहे.

ऑफिस ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात. बाजाराचं नाव मराठी, गिऱ्हाईक हिंदी, पाट्या इंग्रजी. खाली दुकानं, जिन्यात स्कूटर, वर आम्ही. सनदी लेखापालाचं ऑफिस आहे. म्हणजे लोकांचे हिशेब आम्ही सांभाळतो आणि आमचे कोण सांभाळतं ते विचारायचं नाही. सर्वेसर्वा म्हणजे काका. ते खरोखर कोणाचे काका आहेत हे कोणी तपासलेलं नाही, पण प्राप्तिकर खात्याचे शिपाईसुद्धा त्यांना काकासाहेब म्हणतात. त्यांच्या खालोखाल मुनीमजी. पदवी नाही, पण दाल बाजारातल्या कोणत्या व्यापाऱ्याने कोणत्या साली कोणाला फसवलं हे तोंडपाठ. त्यांच्याखाली मी आणि माझ्याखाली दोन-तीन आर्टिकल, म्हणजे सीएची परीक्षा देणारी मुलं. ती सगळ्यांच्या खाली असतात आणि पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक असतो.

मेलचा पत्ता मात्र सगळ्या ऑफिसला मिळून एकच. जीमेल 1 एप्रिल 2004 ला आलं. तेव्हा बाकीचे फुकटात दोन-चार मेगाबाइट जागा देत होते आणि हे एकदम एक जीबी देतो म्हणाले. तारीख पाहून पुष्कळांना ती एप्रिल फुलची थट्टाच वाटली. आता काही पुसायची गरज नाही, असाही त्यांचा प्रचार होता. काका सहसा कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवत नाहीत, पण ही त्यांनी मनावर घेतली. तेव्हापासून आमच्याकडे एकही मेल पुसली गेलेली नाही. विमान कंपनीच्या सवलती आहेत. आमच्यापैकी कोणी त्या विमानात बसलेलं नाही. परदेशी लॉटरी जिंकल्याची पत्रं आहेत. एका आफ्रिकन राजपुत्राचा पत्रव्यवहार आहे, आणि त्याला मुनीमजींनी पॅन कार्डाची प्रत पाठवायला सांगितलं होतं. तिथून पुढे तो बोलला नाही.

जागा पुढे 15 जीबी झाली, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून. 1 जून 2021 पासून नवे फोटोही त्या 15 मध्ये मोजायला लागले. त्यात काकांच्या फोनवर ऑफिसचंच खातं. त्यामुळे काकांच्या नातवाची मुंज आमच्या मेलबॉक्सात लागली. भिक्षावळीचे सगळे फोटो, त्यातही एकाच मामाचे डोळे मिटलेले सात, आणि केळवणाचा व्हिडिओ. एके दिवशी जागा संपली. आमच्या गिऱ्हाइकांची, म्हणजे धंद्याच्या भाषेत पक्षांची, बिलं परत जायला लागली. आर्टिकल मुलगी म्हणाली, “सर, काहीतरी डिलीट करावं लागेल.” मी म्हणालो, “काय करू या?” तिने स्क्रीनवर एकीकडे ताळेबंद दाखवले, दुसरीकडे मुंज. काका समोरच बसले होते. आम्ही दोघांनीही जास्तीची जागा विकत घ्यावी असं एकमताने सुचवलं.

पण जागा घेऊन प्रश्न सुटत नाही, लांबतो. तेव्हा कायदा काय म्हणतो ते बघू, असं ठरलं. इथे आमचं घर शाकारलेलं असायला हवं, कारण लोकांना हेच सांगायचे आम्ही पैसे घेतो. जीएसटीचा कायदा सांगतो, हिशेब आणि त्याचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवा. सहा वर्षं म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण 72 म्हटलं की धाक बसतो. म्हणजे 2023-24 चं विवरणपत्र 31 डिसेंबर 2024 ला. कागद 31 डिसेंबर 2030 पर्यंत. ज्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्याखाली आम्ही म्हातारे झालो, त्याच्या नियमावलीत हिशेबाच्या वह्यांना सहा वर्षं होती, पण ती करनिर्धारण वर्ष संपल्यापासून मोजायची, म्हणजे त्याच हिशेबाला 31 मार्च 2031. 2013 चा कंपनी कायदा म्हणतो आठ वर्षं. लेखापरीक्षणाचे आमचे स्वतःचे कागद आमच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे सात वर्षं. सहा, सात, आठ, आणि प्रत्येकाचा पाढा वेगळ्या तारखेपासून. शिवाय प्रकरण अपिलात असलं तर जीएसटीत निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष. आणि ग्वाल्हेरमध्ये अपील केलेलं नाही असा व्यापारी असलाच तर तो अजून आमच्याकडे आलेला नाही.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मग दहा ठेवू.”

“पण काका, कुठपासून दहा?”

“आजपासून.”

हे ते रोज म्हणू शकतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आता कोणी म्हणेल, पुसू नका हवं तर, पण नीट लावून ठेवा. लावून ठेवायची सोय आहे. लेबलं आहेत, फोल्डर आहेत. अडचण पक्षांची आहे. आमच्या एका पक्षाला मेलचा पत्ता टाइप करायचा कंटाळा. त्यांनी 2016 च्या दिवाळीला आम्ही पाठवलेलं शुभेच्छापत्र शोधून ठेवलंय आणि गेली कित्येक वर्षं ते त्यालाच उत्तर देतात. विषयाच्या जागी ‘शुभ दीपावली’. आत बँकेचं विवरण. पुन्हा ‘शुभ दीपावली’; आत मुलीच्या नावावर घेतलेल्या प्लॉटचं खरेदीखत. असं करत करत त्या एका दिवाळीत त्यांचं सगळं व्यावसायिक आयुष्य राहायला आलं. आणि एकदा त्यांना आलेली जीएसटीची कारणे दाखवा नोटीस त्यांनी तिथूनच पुढे ढकलली, वर लिहिलं, “देख लीजिएगा, जल्दी नहीं है.”

जल्दी होती. जीएसटीच्या कलम 169 प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेलवर नोटीस पाठवली की ती बजावली असं धरतात. पूर्वी समन्स घेऊन माणूस यायचा, दार वाजवायचा, मुनीमजी त्याला पाणी देऊन सांगायचे की साहेब बाहेरगावी गेलेत. निदान बाहेरगावी जाण्याची संधी होती. आता नोटीस कोणाला न विचारता आत येते, आणि ‘शुभ दीपावली’खाली जाऊन बसते. वर ती सगळी संभाषणं जीमेल एका माळेत ओवतं. माळ पुसली की पणतीही गेली आणि नोटीसही गेली. कचऱ्यात 30 दिवस राहते, मग कायमची. या एका पक्षामुळे आमच्याकडे सणाच्या शुभेच्छा आता वैधानिक दस्तऐवज मानल्या जातात. मकरसंक्रांतीपर्यंतच्या.

मुनीमजींचा या सगळ्यावर स्वतःचा उपाय आहे. महत्त्वाची वाटेल ती मेल ते छापतात. छापून झाली की तिच्यावर ‘प्राप्त’ असा रबरी शिक्का, तारीख, आडवी सही, आणि मग बॉक्स फाइल. मेलच्या वरच तारीख असते, मिनिटासकट, हे त्यांना मी एकदा सांगितलं. “वो तो उनकी तारीख है,” मुनीमजी म्हणाले, “हमारी कहाँ है?” मला उत्तर सुचलं नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अजूनही सुचलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून साक्षीचा नवा कायदा आला. त्याच्या कलम 63 खाली मेलची छापील प्रत कोर्टात ठेवायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या फाइलचा हॅश लिहावा लागतो, म्हणजे गणिताने काढलेली आकडे-अक्षरांची लांबलचक खूण. मूळ फाइलीत एक स्वल्पविराम हलला तरी ती बदलते. मुनीमजींनी ती खूण बघितली, तिच्याखाली शिक्का मारला आणि म्हणाले, “अब पक्का हुआ.”

तरीही मी एकदा हिंमत करून काकांपुढे पुसण्याची बाजू मांडली. त्यांनी थेट इतिहास काढला. म्हणाले, “पेशव्यांच्या कारकुनांनी तुमच्यासारखा विचार केला असता तर इतिहासकार सरदेसायांना 1930 ते 34 मध्ये पेशवे दप्तराचे 45 खंड काढता आले असते का? महादजी शिंद्यांचा पत्रव्यवहार 1937 साली याच ग्वाल्हेरहून छापला. कोणी फोल्डर साफ केला असता तर?”

मुद्दा बिनतोड होता, पण एक गोष्ट काका विसरत होते. तेव्हा पत्र पाठवायला कागद, शाई, कारकून आणि जासूद लागायचा. दिल्लीहून पुण्याला चंबळ, नर्मदा, तापी ओलांडून कोणी जासूद नुसतं ‘ओके सर, नोटेड’ एवढंच घेऊन गेला नसता. गेला असता तर महादजींनी त्याला परत येऊ दिलं नसतं. त्या दप्तरात कचरा कमी, कारण कचरा पाठवणं परवडत नव्हतं. आमच्या पेटीत एका ताळेबंदाच्या पाठोपाठ ‘मिळाला’, ‘धन्यवाद’, ‘स्वागत’ आणि हात जोडलेलं चित्र अशा चार मेली असतात आणि चारही मेलींच्या शेवटी तोच ताळेबंद पुन्हा शेपटासारखा लटकलेला. भावी सरदेसायांना आमच्यावर 45 नाही, 450 खंड काढता येतील. वाचण्यासारखं पान एखादं निघेल, तेही मुंजीतलं.

मग काकांनी हुकमाचा पत्ता टाकला: आर्थर अँडरसन. आमच्या धंद्यात हे नाव भुताच्या गोष्टीतल्यासारखं आवाज खाली करून घेतात. जगातल्या पाच मोठ्या लेखापाल संस्थांपैकी एक. एन्रॉन त्यांचं गिऱ्हाईक. तीच एन्रॉन, आपल्या दाभोळवाली. ऑक्टोबर 2001 मध्ये एन्रॉनचं पितळ उघडं पडायच्या बेतात असताना अँडरसनच्या वकीलबाईंनी एका सहकाऱ्याला एक साधी मेल केली: कागदपत्रं ठेवण्या-टाकण्याचं आपलं धोरण आहे, त्याची सर्वांना आठवण करून दिलेली बरी. एवढंच. धोरण लिखित होतं, रीतसर होतं. ह्यूस्टनच्या ऑफिसला आठवण झाली आणि कागद फाडायची यंत्रं अहोरात्र चालली. जून 2002 मध्ये ज्यूरीने संस्थेला दोषी धरलं. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. पण तोवर सोडवायला संस्थाच उरली नव्हती.

“आणि तुला माहितीय,” काका म्हणाले, “सगळं फाडलं, पण ती ‘फाडायची आठवण ठेवा’वाली मेल तेवढी राहिली.”

यातून काकांनी काढलेला धडा असा, की काही पुसू नये. मी काढलेला असा, की खटला सुरू व्हायच्या आधी, ठरल्या दिवशी, दर वर्षी पुसत राहावं, म्हणजे ऐन वेळी आठवण करून द्यायला लागत नाही. आर्टिकल मुलीने काढलेला असा, की असल्या गोष्टी मेलवर न लिहिता जिन्यात सांगाव्यात. ती पास होणार.

शेवटी चार्टर्डांच्या घरात चालतो तसा मधला मार्ग निघाला. नोकरीच्या जाहिराती, विमानाच्या सवलती आणि लॉटऱ्या एवढंच काढायचं, असं काकांनी मान्य केलं. राजपुत्र ठेवायचा, कारण त्याला पॅन मागितल्याचा पुरावा आहे. मात्र सरकारी दप्तरात नष्ट केलेल्या कागदांची यादी जपून ठेवतात, तशी आपणही करायची. मुलांनी तीन आठवडे बसून यादी केली: मेलची तारीख, पाठवणारा, विषय, नष्ट करण्याचं कारण. यादी भली मोठी झाली. काकांनी ती तपासायला मागितली, म्हणून मेलने पाठवली. काकांनी ‘मंजूर’ असं उत्तर सगळ्यांना पाठवलं. सगळ्यांनी सगळ्यांना ‘धन्यवाद काका’ पाठवलं, प्रत्येकाखाली यादी जोडलेली. मुनीमजींनी ती छापली, शिक्का मारला आणि स्कॅन करून परत मेलवर टाकली, कारण बॉक्स फाइलीत जागा नव्हती.

पुसण्याचं बटण दाबायचं तेवढं राहिलंय. आर्टिकल म्हणते मुनीमजींनी दाबावं, मुनीमजी म्हणतात काकांनी, आणि काकांचं म्हणणं असं की आता मार्च आलाय, एप्रिलमध्ये बघू.