हे शेळीला सांगितलंय का?

अहो वैनी, ती गोधडी तारेवरून जरा पलीकडं सारा, तोंड तरी दिसू द्या. काल तुमचा नातू काय बोलला ते कळलं का? उसाच्या बांधाला वनखात्यानं पिंजरा लावलाय ना, तो बघायला पोरं गेली होती. तुमचं ध्यान कमरेवर हात ठेवून म्हणतं, "कालवड बिबट्यानं खाल्ली, मग कोंडलं शेळीला का?" बाप्येमाणसं खो खो हसली. मी आपली समजावत बसले, की शेळीला वेगळा कप्पा असतो, तिला धक्का लागत नाही, बिबट्या सापडला की त्याला माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेतात. सगळं ऐकून घेतलंन आणि विचारतो, "हे शेळीला सांगितलंय का?"

हे लिहून ठेवलंत? नाहीच ठेवणार. "राहतं हो बाई लक्षात!" काय राहतं? तुमचा थोरला लहानपणी आळ्याहून आल्यावर काय म्हणाला होता, सांगा बरं. बघा! मला आठवतं, कारण माझ्या वहीत आहे. तुम्ही त्याला रेड्याच्या समाधीला नेलं होतंत. माउलींनी ह्याच रेड्याच्या तोंडून वेद वदवले, असं सांगितलंत. घरी येऊन गोठ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "आपली म्हस नुसतीच वरडती. हिला बालवाडीत घाला." देवाची चेष्टा करतो म्हणून तुम्ही पाठीत धपाटा घातलात. चेष्टा कसली वैनी! माउलींना जमलं ते बालवाडीच्या बाईलाही जमेल, एवढा विश्वास माझ्यावर पुढं कुणी टाकला नाही.

आणि वेगळी वही कशाला हवी? भिंतीवर कालनिर्णय आहे. दुधाचा खाडा, सिलेंडर कधी लावला, गाय कधी भरवली, सगळं त्या चौकोनांत लिहिता, मग पोराचं एक वाक्य जड झालं का? तारीख तर आयती छापलेली. फक्त वर्ष सरलं की ती पानं फळीवर डब्यांखाली अंथरू नका.

लिहायचं मात्र बोललं तसं. तुमची नात "मी काम करलं" म्हणाली की सूनबाई लगेच, "केलं म्हण, केलं!" घरात कुणी "करलं" म्हणतं का? नाही. मग पोरीनं आणलं कुठून? बसलं, पडलं, रडलं ऐकून तिनं स्वतः नियम बसवला. व्याकरण चुकलं नाही तिचं, आपल्याच भाषेनं मधेच वाट सोडली. "केलं" ती आपोआप म्हणायला लागेल, आणि मग "करलं" ऐकायला कान आसुसतील. आणि नुसतं वाक्य लिहून भागत नाही. शेळीचंच घ्या, पिंजऱ्याचा मागचापुढचा संदर्भ आणि पोराचं वय नसेल तर पुढं वाचणाऱ्याला काय कळणार, कप्पाळ?

हसू नका, मोठमोठ्यांनी हे केलंय. रशियात कोर्नेई चुकोव्स्की म्हणून मुलांचे कवी होते. लोक आपापल्या पोरांचे बोल त्यांना पत्रानं कळवायचे. त्यातून 'दोन ते पाच' हे पुस्तक झालं, म्हणजे दोन ते पाच वर्षांच्या पोरांचं बोलणं. तो डार्विन, माकडावरून ज्याचं नाव निघतं, त्यानंही थोरल्या लेकाची बारीकसारीक टिपणं ठेवली होती. 1877 साली छापली, तेव्हा टिपणं 37 वर्षं जुनी झाली होती. पोरगा केव्हाच बाप्या झालेला! लक्षात ठेवण्यावर बसला असता तर काय छापलं असतं?

एक मात्र मला पटत नाही. तुमचे जावईबापू लगेच मोबाइल काढतात, "परत म्हण, परत म्हण." दुसऱ्यांदा म्हटलं की तो बोल राहत नाही, गॅदरिंग होतं. वर ते स्टेटसला लावायचं आणि गावानं बघून हसायचं. पोर शहाणं असेल तर बोलायचंच बंद होईल. गुपचूप कागदावर लिहावं, त्याच्यासमोर वाचू नये, पाहुण्यांसमोर तर नाहीच.

बरं, डेअरीची वेळ झाली तुमची. थोरल्याचे बोल उतरवून घ्यायचे असतील तर सूनबाईला संध्याकाळी धाडा, वही देते. पण ओट्यावर बसूनच उतरवून घ्यायचं. वही घरी न्यायची नाही. मागच्या दिवाळीला नेलेली माझी चाळण अजून तुमच्याकडंच आहे.